नांगर जिथे पोहोचला नाही

ऑक्टोबर 1992. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं बर्रा नावाचं छोटं गाव. गावाजवळ रस्त्याच्या कडेला एक तपकिरी साप मरून पडला होता. आपल्याकडे डांबरी रस्त्यावर चिरडलेली धामण दिसते, तितकंच तिथलं हे नेहमीचं दृश्य. पण ग्रॅहम आर्मस्ट्राँग आणि रीड या दोघांना सरपटणाऱ्या प्राण्यांचा नाद होता. त्यांनी सापाचं पोट उघडून पाहिलं. आत गिळलेली एक सापसुरळी होती. धड वीतभरही नाही, डोकं मोठं, पाय आखूड.

तिचं नाव पिग्मी ब्लूटंग. 1959 नंतर तिचा एकही नमुना कुणाला मिळाला नव्हता. संग्रहालयांमध्ये सगळे मिळून जेमतेम वीस नमुने, तेही बाटल्यांत. शोधमोहिमा रिकाम्या हातांनी परतल्या होत्या, आणि ही जात बहुधा संपली असं अभ्यासकांनी मनाशी धरलं होतं. आपल्या गावांमध्ये सापसुरळीला ‘सापाची मावशी’ म्हणतात. इथे भाच्याने मावशीला गिळलं, आणि त्यामुळेच मावशीचं कुळ अजून शिल्लक आहे हे जगाला कळलं.

पण तेहतीस वर्षं ती होती कुठे? आणि सगळीकडून नाहीशी होऊन नेमकी बर्राच्या आसपासच का उरली? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्राणिशास्त्राच्या पुस्तकात अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं तांब्याच्या खाणीत, मेंढ्यांच्या कुरणांत आणि घोड्यावर बसून नकाशावर रेघ मारणाऱ्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या दप्तरात आहे.

बर्लिनला गेलेल्या बाटल्या

1848 साली युरोपात क्रांतीची लाट आली आणि ओसरली. त्यानंतर अनेक जर्मन कुटुंबांनी देश सोडला. त्यांतला एक होता रिचर्ड शोमबुर्क, वनस्पतींचा अभ्यासक. 1849 मध्ये तो भावासह दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरला आणि ॲडलेडच्या उत्तरेला, गॉलरजवळ स्थायिक झाला. वस्तीला नाव दिलं बुक्सफेल्ड. शेती करता करता त्याने आजूबाजूचे बेडूक, साप, सरडे गोळा केले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयाला पाठवले. (पुढे 1865 पासून हाच शोमबुर्क ॲडलेडच्या बोटॅनिक गार्डनचा संचालक होता.)

बर्लिनमध्ये विल्हेल्म पीटर्स या प्राणिशास्त्रज्ञाने त्या बाटल्या तपासल्या. 1863 मध्ये त्याने बुक्सफेल्डहून आलेल्या या प्राण्यांची यादी छापली. तिच्यात ही चिमुकली सापसुरळी विज्ञानाला पहिल्यांदा भेटली. ॲडलेडवरून तिचं नाव पडलं ‘ॲडलेडेन्सिस’.

ब्लूटंग म्हणजे निळी जीभ. या गोतावळ्यातल्या मोठ्या सापसुरळ्या दीड-दोन फुटांच्या असतात आणि घाबरल्या की निळीशार जीभ बाहेर काढून समोरच्याला घाबरवतात. आपल्या पिग्मीची जीभ मात्र गुलाबी आहे. नाव नातेवाइकांवरून मिळालं, रंग काही मिळाला नाही.

पीटर्सने तिचे खवले मोजले, डोक्याचा आकार टिपला. पण ती राहते कुठे, खाते काय, दिवसभर करते काय, हे बर्लिनच्या टेबलावर बसून कळणं शक्य नव्हतं. पुढच्या सव्वाशे वर्षांतही ते कुणी नोंदवलं नाही. हा तपशील लक्षात ठेवा. तिच्या नाहीसं होण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

मैदानं गव्हाची झाली

शोमबुर्कने बाटल्या भरल्या तेव्हा गॉलरची मैदानं आधीच बदलू लागली होती. वसाहत स्थापन झाली 1836 मध्ये. सात वर्षांत, 1843 मध्ये, जॉन रिडली याने गव्हाची कणसं उभ्या पिकातूनच खुडून मळणारं यंत्र बनवलं. मजूर थोडे आणि जमीन अफाट अशा वसाहतीत या यंत्राने गणितच पालटलं. पिकवलेलं सगळं काढता येऊ लागलं, म्हणून आणखी पेरता येऊ लागलं. दक्षिण ऑस्ट्रेलिया खंडाचं गव्हाचं कोठार झालं.

उरला होता तो मॅली नावाच्या झुडपांचा प्रदेश. तिथे नांगराचा फाळ बुंध्यांत आणि मुळांत अडकून मोडायचा. 1876 मध्ये रिचर्ड बोयर स्मिथ याने यॉर्क द्वीपकल्पात त्यावर तोड काढली: बुंधा आला की फाळ आपोआप उचलला जाणार, ओलांडून पुन्हा जमिनीत घुसणार. ‘स्टंप-जंप’ नांगर. ऑस्ट्रेलियाच्या शाळांमध्ये हा शोध अभिमानाने शिकवला जातो, आणि तो होताही कल्पक. पण त्यासोबत नांगराला अडवणारं जे काही होतं, त्यातली एक मोठी अडचण दूर झाली.

पुढे ॲडलेड पसरलं. गव्हाच्या शेतांवर उपनगरं आली, अंगणं आली, कारखाने आले. मूळ गवताळ माळाचे फार थोडे तुकडे उरले. पिग्मी ब्लूटंगचे नमुने तुरळक होत गेले आणि मग बंद झाले. ती कमी होते आहे हे कुणी पाहिलं नाही, कारण ती मुळात कुठे राहते हेच कुणी पाहिलं नव्हतं.

नॉब्ज, स्नॉब्ज आणि नदीकाठची बिळं

आता ॲडलेडहून दीडशे किलोमीटर उत्तरेला, बर्राला जाऊ.

1845 मध्ये इथे मेंढपाळांना तांब्याचे दगड सापडले. जमीन विकत घ्यायची तर नियम असा होता की एकदम 20,000 एकर घ्या आणि 20,000 पौंड रोख मोजा. इतके पैसे एकाकडे नव्हते. म्हणून दोन गट एकत्र आले. एक ॲडलेडच्या दुकानदारांचा, त्यांना लोक ‘स्नॉब्ज’ म्हणायचे. दुसरा बड्या भांडवलदारांचा, ते ‘नॉब्ज’. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोघांनी पैसे जमवले, जमिनीचे दोन भाग केले आणि चिठ्ठ्या टाकल्या. उत्तरेचा भाग दुकानदारांना मिळाला. त्यात निघालेली बर्राची खाण काही वर्षांतच जगातल्या मोठ्या तांब्याच्या खाणींत गणली जाऊ लागली. भांडवलदारांच्या दक्षिण भागात तांबं नावापुरतंच निघालं. त्यांची ‘प्रिन्सेस रॉयल’ खाण गुंडाळली गेली आणि तिथे मेंढ्या चरू लागल्या.

कॉर्नवॉलहून, वेल्सहून खाणकामगार आले. घरं पुरेनात. मग त्यांनी बर्राच्या ओढ्याच्या मऊ काठांमध्ये बिळं खोदली, त्यांना धुराडी काढली आणि बायकामुलांसह तिथेच राहिले. 1851 च्या जनगणनेत असे जवळपास 1,800 लोक ओढ्याच्या काठात राहत होते. पूर आले, आजार आले. त्यांतली दोन बिळं आजही पर्यटकांना दाखवतात.

माथ्यावरच्या माळात मात्र दुसऱ्याने खोदलेल्या बिळांत राहणारे दुसरे रहिवासी होते. त्यांची जनगणना कुणी केली नाही.

1877 मध्ये खाण बंद पडली. माणसं पांगली. गाव मेंढ्यांवर तगलं. सपाट, मातीदार पट्टे नांगरले गेले. दगडगोट्यांच्या टेकड्या आणि पातळ मातीचे उतार तसेच राहिले, कारण तिथे नांगर घालून फाळाची किंमतही वसूल झाली नसती.

गॉयडरची रेघ

पण त्या काळी फायद्याचं गणित कुणी थंड डोक्याने करत नव्हतं. इथे प्रवेश होतो जॉर्ज गॉयडरचा.

गॉयडर वसाहतीचा सर्व्हेयर-जनरल होता. 1860 च्या दशकाच्या मध्यात उत्तरेत भीषण दुष्काळ पडला, मेंढ्या हजारोंनी मेल्या. सरकारने त्याला सांगितलं, दुष्काळाची हद्द ठरव. 1865 मध्ये गॉयडर घोड्यावर निघाला आणि हजारो किलोमीटर फिरला. पावसाच्या नोंदी जवळपास नव्हत्याच. त्याने झाडाझुडपांकडे पाहिलं. मॅलीची झुडपं संपून खारट मातीत तगणारी सॉल्टबुश कुठे सुरू होतात, ते टिपत त्याने नकाशावर रेघ मारली. रेघेच्या दक्षिणेला पेरा. उत्तरेला पाऊस भरवशाचा नाही, तिथे फक्त गुरं-मेंढ्या पाळा. ही रेघ पीटरबरो आणि बर्राजवळून जाते. आजची पावसाची आकडेवारी मांडली तर ती वर्षाला साधारण 250 ते 300 मिलिमीटर पावसाच्या सीमेशी बरीच जुळते.

1872 च्या कायद्याने ही रेघ अधिकृत केली. मग दोन-तीन वर्षं पाऊस उत्तम झाला. शेतकरी ओरडू लागले की गॉयडर घाबरट आहे. अमेरिकेसारखीच इथेही एक समजूत पसरली होती: जमीन नांगरली की पाऊस मागोमाग येतो. 1874 मध्ये सरकारने रेघ पुसली. कुटुंबंच्या कुटुंबं उत्तरेला गेली, गावं आखली गेली, दगडी घरं उभी राहिली. 1880 पासून पाऊस पुन्हा रुसला. पिकं करपली, माती उडाली, माणसं परतली.

ती दगडी घरं छपरांविना अजून उभी आहेत. मिडनाइट ऑइल या ऑस्ट्रेलियन बँडचा 1987 चा ‘डिझेल अँड डस्ट’ हा अल्बम कधी ऐकला असेल, तर त्याच्या कव्हरवरचं उजाड माळातलं एकटं घर आठवून पाहा. ते बर्राजवळचंच आहे.

गॉयडर बरोबर ठरला. मधल्या पट्ट्यात, जिथे शेती बेभरवशाची आणि टेकड्या खडकाळ, तिथे मेंढीच शहाणपणाची हे लोकांना नुकसान सोसून पटलं. मेंढ्या गवत खातात, पण माती उलटी करत नाहीत. पिग्मी ब्लूटंगच्या दृष्टीने सगळं काही या एका फरकावर अवलंबून होतं.

उसनं बीळ

1992 च्या त्या सापानंतर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयातले मार्क हचिन्सन आणि इतर अभ्यासक बर्राच्या माळावर शोधू लागले, आणि जिवंत सापसुरळ्या सापडल्या. सरडे शोधायची नेहमीची रीत म्हणजे दगड उलटायचे, ओंडके हलवायचे. पिग्मी ब्लूटंग दगडाखाली नव्हतीच. ती कोळ्यांच्या बिळांत होती.

या माळावर दोन प्रकारचे कोळी जमिनीत उभी, नळीसारखी बिळं खोदतात: वुल्फ स्पायडर आणि बिळाला झाकण बसवणारे ट्रॅपडोअर स्पायडर. कोळी गेला की बीळ रिकामं राहतं. पिग्मी ब्लूटंग स्वतः बीळ खोदत नाही. अशा रिकाम्या बिळात शिरून ती तिथेच संसार मांडते. तोंड तिच्या डोक्याहून जरासंच रुंद, खोली शक्य तितकी जास्त, अशी जागा तिला आवडते. सकाळी ती डोकं बाहेर काढून उन्हाला बसते. नाकतोडा टप्प्यात आला की झेप घेते, पकडते आणि मागच्या पावली आत जाते. शी करायला मात्र बाहेर पडून थोडं दूर जाते. उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे तिथल्या जानेवारी ते मार्चमध्ये, एक ते चार पिल्लांना जन्म देते. पिल्लं काही आठवडे आईच्याच बिळात राहतात आणि मग आपापलं बीळ शोधायला निघतात.

बिळात राहणाऱ्या प्राण्याचा अभ्यास करायचा तर युक्त्याही तशाच लागतात. दवाखान्यात पोटात दुर्बीण घालून तपासतात, तशीच बारीक दुर्बीण अभ्यासक बिळात सोडतात. सापसुरळीला बाहेर काढायला गळाच्या काठीला दोरा आणि दोऱ्याला अळी बांधून बिळाच्या तोंडाशी नाचवतात. कोरड्या माळावर मासेमारी करावी तशी.

आता नांगराचा हिशेब लागतो. मेंढी माळावरून गेली तर गवत कापलं जातं, एखादं बीळ दबतं. नांगर एकदा फिरला तर सगळी बिळं एका सकाळी मोडतात. सापसुरळी मरते आणि बिळं खोदणारे कोळीही मरतात. ट्रॅपडोअर कोळी वर्षानुवर्षं एकाच बिळात राहतात आणि मोडलेल्या जमिनीत सहज परतत नाहीत. ते नाहीत तर नवी बिळं नाहीत, आणि सापसुरळी आली तरी राहणार कुठे? पुढे दहा वर्षं जमीन पडून राहू द्या, वरवर पुन्हा माळ दिसेल, पण खालची घरं गेलेली असतात.

म्हणूनच ती ॲडलेडच्या मैदानांतून गेली आणि बर्राच्या टेकड्यांवर उरली. आज तिच्या माहीत असलेल्या तीसेक वस्त्या कापुंडा ते पीटरबरो या पट्ट्यात विखुरल्या आहेत. बहुतेक सगळ्या मेंढपाळांच्या खासगी जमिनींवर.

‘वेस्ट’ म्हणजे काय?

ब्रिटिश संसदेने 1842 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जमीनविक्रीसाठी केलेल्या कायद्यात न विकलेल्या जमिनीला शब्द होता ‘वेस्ट लँड्स’. गॉयडरच्या रेघेचा 1872 चा कायदाही ‘वेस्ट लँड्स’चाच. ज्या जमिनीतून महसूल येत नाही ती वाया गेलेली.

त्या ‘वाया’ जमिनीवर न्गाजुरी लोक हजारो वर्षं राहत होते. मेंढ्या आल्या तसे त्यांचे पाणवठे गेले, रोग आले, माणसं विखुरली. पुढे त्यांच्याबद्दलही ‘संपले’ असं लिहिलं गेलं. पण बार्नी वारिया या न्गाजुरी वृद्धाने 1940 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ रोनाल्ड बर्न्ट यांना आपल्या भूमीच्या कथा आणि रीती सांगून ठेवल्या. त्यांचे वंशज होते आणि आहेत. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने या प्रदेशावरचा न्गाजुरींचा पारंपरिक हक्क मान्य केला. माणसांची आणि सापसुरळीची बरोबरी करायचं कारण नाही. पण ‘नामशेष’ हा शिक्का मारणाऱ्याने नीट पाहिलं होतं का, हा प्रश्न दोन्हीकडे विचारावाच लागतो.

हा शब्द आपल्यालाही परका नाही. 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून दख्खनची मोजणी सुरू केली. तिचा मूळ प्रश्न हाच होता की कुठल्या तुकड्यातून किती सारा निघेल. त्याच परंपरेतून आलेला ‘पोटखराब’ हा शब्द आजही आपल्या सातबाऱ्यावर असतो. गवताळ माळ अजूनही सरकारी नकाशांत ‘पडीक’ या खात्यात पडतात. नान्नजचा माळढोक ज्या माळावर वाढला, तोही अशाच नजरेला ओसाड दिसतो. मग तिथे झाडं लावा, प्लॉट पाडा, काहीही करा. जंगल तोडलं तर निदान बातमी होते. माळ नांगरला तर ‘जमीन कारणी लागली’ म्हणतात.

आता मुद्दाम

1992 पर्यंत पिग्मी ब्लूटंगला कुणीही वाचवलं नव्हतं. खाण फसली, पाऊस रुसला, दगड आडवे आले, म्हणून ती राहिली. आता ती सापडली आहे, तर पुढचं योगायोगावर सोडता येत नाही.

ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात मायकल बुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. बुल 2016 मध्ये गेले, काम चालू आहे. त्यांच्या गटाने लाकडी गोल दांडे आतून पोखरून, साधारण फूटभर लांबीचे, जमिनीत ठोकले. सापसुरळ्यांनी ही तयार घरं विनातक्रार घेतली आणि जिथे बिळं वाढवली तिथे त्यांची संख्या वाढली. चराईबद्दलही कळलं की मेंढ्या फार झाल्या तर बिळं तुडवली जातात, आणि अजिबात नसल्या तर गवत इतकं माजतं की बिळाच्या तोंडातून नाकतोडा दिसत नाही. म्हणजे कुंपण घालून माणसांना आणि मेंढ्यांना हाकलून देणं हा उपाय नाही. मेंढपाळाशी बोलावं लागतं, त्याच्या धंद्याचं गणित समजून घ्यावं लागतं. बर्राजवळ एका संस्थेने तिच्यासाठी जमीन घेऊन तिला तिचंच शास्त्रीय नाव दिलं आहे, टिलिक्वा. पण बाकी वस्त्या अजूनही मेंढपाळांच्या भरवशावर आहेत.

आता त्या टेकड्यांवर पवनचक्क्याही उभ्या राहत आहेत. त्यांतल्या एका मोठ्या प्रकल्पाला गॉयडरचंच नाव आहे. जागतिक तापमानवाढ रोखायला पवनचक्क्या हव्यात, आणि त्या उभ्या राहणार त्याच माळावर. कुठला रस्ता कुठून न्यायचा, कुठला उतार सोडायचा, हे बिळं मोजून ठरवावं लागतं.

हवामान बदलतं आहे तशी गॉयडरची रेघही दक्षिणेला सरकते आहे, असं तिथले शेतकरी आणि संशोधक म्हणतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने इशारा दिला की उत्तरेकडच्या सापसुरळ्यांना उचलून थंड, ओलसर भागात नेलं नाही, तर त्या तगणं कठीण आहे. स्वतः त्या जाऊ शकत नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य काही मीटरांत सरतं, आणि मध्ये मैलोनमैल गव्हाची शेतं आहेत.

म्हणून आता माणसं त्यांना घेऊन जात आहेत. उत्तरेकडच्या वस्त्यांमधल्या काही सापसुरळ्या दक्षिणेला टार्ली गावाजवळ नेऊन, जमिनीत ठोकलेल्या लाकडी बिळांत सोडल्या गेल्या आहेत. त्या तिथे रुळतात का, वीण वाढवतात का, हे पाहिलं जात आहे. नकाशा उघडलात तर दिसेल की टार्लीहून गॉलर फार लांब नाही. शोमबुर्कने पहिल्या बाटल्या भरल्या, तो हाच मुलूख. नांगराने जिथून घालवलं तिकडेच तिला परत न्यायचं आहे, आणि त्यासाठी गव्हाच्या मुलखात न नांगरलेला माळाचा तुकडा शोधावा लागतो. असे तुकडे आता फार नाहीत. जे आहेत ते कुणाच्या तरी सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून पडून आहेत, तिथेही आणि इथेही.